पायातली पट्टी की कोठडी? वाहनगुन्ह्यांच्या शिक्षेचा खर्च नेमका कसा मोजायचा

जमाखर्च (धागाकर्ता)

मंडळी, गेले काही महिने एक आकडेमोड डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय.

माझा मामेभाऊ दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडला गेला. कोणाला लागलं नाही, हे त्याचं आणि समोरून येणाऱ्याचंही नशीब. त्याच्यासमोर दोन पर्याय होते: 30 दिवस कैद, नाहीतर 120 दिवस पायात पट्टी (म्हणजे माणूस कुठे आहे हे कळवणारं, घोट्याला बांधलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि घरकैद. त्याने पट्टी घेतली. घरात सगळे म्हणाले, सुटला बिचारा, आणि सरकारचाही खर्च वाचला. माझं उभं आयुष्य जमाखर्च तपासण्यात गेलंय. 'खर्च वाचला' असं कोणी म्हटलं की कोणाचा आणि किती, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

या विषयावर जिथे तिथे एकच तुलना सापडते, ती म्हणजे रोजचा दर. कैद्याचा दिवस इतक्याला, पट्टीचा दिवस तितक्याला. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांनी 2023 सालासाठी एका कैद्याचा सरासरी खर्च वर्षाला 44,090 डॉलर, म्हणजे दिवसाला 120.80 डॉलर जाहीर केला होता. फ्लोरिडात पट्टीवर मोठा अभ्यास झाला, त्यातही तुरुंगाचा खर्च पट्टीच्या साधारण सहापट निघाला. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की विषय संपला असं वाटतं. मला वाटतं तो तिथे सुरू होतो.

समजा, तुरुंगाचा एक दिवस 100 आणि पट्टीचा एक दिवस 10. (हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून धरलेत.) 30 दिवसांची कैद 3000 ला पडते. पट्टी मात्र 30 दिवसांची नसते. ती सौम्य मानली जाते म्हणून लांबवतात. भावाच्या बाबतीत 120 दिवस, म्हणजे 1200. दहापट स्वस्त वाटणारी गोष्ट अडीचपटीवर आली.

आता त्या 100 मध्ये काय काय आहे ते बघा. सर्वात मोठा वाटा पहारेकऱ्यांच्या आणि बाकी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा. मग इमारत, वीज, दुरुस्ती. एक कैदी कमी आला म्हणून एकाही पहारेकऱ्याचा पगार थांबत नाही, एकही दिवा विझत नाही. खरं वाचतं ते त्याचं जेवण, कपडे, साबण, थोडी औषधं. ते 15 धरा. म्हणजे 30 दिवसांत 450 वाचले आणि पट्टीवर 1200 गेले. सरकारला 750 चा जास्तीचा खर्च! 100 चा दर खरा ठरतो तो इतके कैदी कमी झाल्यावर, की एक अख्खी बराक बंद करून तिथली माणसं दुसरीकडे नेमता येतात.

मी पट्टीच्या विरोधात नाही. पण ज्या कारणासाठी ती सगळीकडे विकली जाते ते कारणच तपासलेलं नसेल, तर उद्या कोणीतरी हाच हिशेब काढून ती बंदही करेल. तुमच्यापैकी कोणी या व्यवस्थेत काम केलं असेल, पट्टी घातली असेल किंवा घरच्यांनी घातली असेल, तर कृपया लिहा.

---

रात्रपाळी

धागा महत्त्वाचा आहे. मी 17 वर्षं तुरुंगाच्या आवक विभागात काढली आहेत, म्हणून तुमच्या 15 च्या आकड्याला माझा आक्षेप.

लांब मुदतीच्या कैद्यासाठी तो बरोबर असेल. पण गाडीच्या गुन्ह्यातला माणूस लांब मुदतीचा नसतोच. तो 2 दिवस, 10 दिवस, 30 दिवसांसाठी येतो. आणि कैद्याचा सगळ्यात महाग दिवस म्हणजे पहिला दिवस. दारातून आत आला की अंगझडती, फोटो, बोटांचे ठसे, कागदपत्रं. खिशातली एकेक वस्तू मोजून, लिहून, पिशवीत घालून मोहोरबंद करायची आणि त्याची सही घ्यायची. लग्नाची अंगठी बोटातून निघत नाही म्हणून साबण लावत मी अर्धा अर्धा तास बसलोय. मग डॉक्टरांची तपासणी. दारूची सवय असलेला माणूस असेल तर ती वरवर करून चालत नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिले तीन-चार दिवस जिवाला धोका असतो. हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, झटके येतात. अशा माणसाला ठरावीक वेळाने जाऊन बघावं लागतं, आणि कधी मध्यरात्री दवाखान्यात न्यावं लागतं. सोबत दोन पहारेकरी जातात, आणि त्यांच्या जागी जादा भत्ता देऊन दुसरे दोन बोलवावे लागतात. हा खर्च 'पगार तर द्यायचाच असतो' यात बसत नाही.

त्यात शनिवार-रविवारची कैद धरा. नोकरी टिकावी म्हणून न्यायाधीश 30 दिवसांची शिक्षा 15 आठवड्यांत वाटून देतात. म्हणजे 15 वेळा आवक, 15 वेळा झडती, 15 पिशव्या. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दारात रांग लागायची. त्यातला एखादा पिऊनच यायचा. मग त्याचं काय करायचं यावर दोन तास.

तुमच्या गणितात आवक हा वेगळा रकाना घाला, एवढंच सांगणं आहे.

---

जमाखर्च

रात्रपाळी साहेब, मनापासून आभार. हा रकाना माझ्याकडे नव्हताच. लगेच घालून बघितलं. एका आवकीचे 60 धरले तर 15 आवकींचे 900. आधीचे 450 मिळवले की 1350. पट्टी 1200. म्हणजे शनिवार-रविवारच्या कैदेच्या जागी पट्टी दिली तर बराक बंद न करताही ती थोडी स्वस्त पडते. सलग 30 दिवसांच्या कैदेत आवक एकदाच, म्हणजे 510. तिथे पट्टी महागच.

एकाच गुन्ह्याची, तेवढ्याच दिवसांची शिक्षा. फक्त ती सलग आहे की तुकड्यातुकड्यांत, एवढ्यावर उत्तर उलटतंय. सरासरी दरात हे कधीच दिसलं नसतं.

---

अंगणवेल

मी जमाखर्च यांच्या भावाच्या जागी असलेल्या माणसाची बायको आहे, असं समजा. नवऱ्याने पाच महिने पट्टी घातली. लायसन्स रद्द असताना गाडी चालवली होती.

रोज दोन तास चार्जिंग. पट्टी पायातून काढायची नाही, म्हणजे माणसालाच भिंतीशी बांधायचं. वायर आखूड होती. तो पहाटे पाचला स्वयंपाकघरातल्या प्लगजवळ जमिनीवर बसायचा, पाय भिंतीकडे. पहिल्या आठवड्यात मुलीने विचारलं, बाबा शिक्षा म्हणून बसलेत का? दुसऱ्या आठवड्यापासून ती स्वतःची उशी आणून त्याच्या टाचेखाली ठेवायला लागली.

तो गोदामात काम करायचा. छत पत्र्याचं. आत सिग्नल मिळत नसे, मग केंद्रातून फोन यायचा: तुम्ही कुठे आहात, ताबडतोब बाहेर या. हातातला माल खाली ठेवून हा उघड्यावर जायचा आणि सिग्नल लागेपर्यंत उभा राहायचा. दिवसातून तीन-चारदा. दीड महिन्यात मालकाने सांगितलं, पट्टी निघाली की ये. ती नोकरी परत मिळाली नाही. आणि पट्टीचं रोजचं भाडं आम्हीच भरत होतो.

जमाखर्चदादा, तुमच्या 1200 पैकी सरकारचे किती आणि आमचे किती, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

---

जमाखर्च

ताई, चूक माझी. वाचून वाईट वाटलं, आणि हिशेबापुरतंही तुमचंच म्हणणं बरोबर आहे. भाडं घरच्यांनी भरलं की सरकारच्या वहीत पट्टीचा खर्च जवळजवळ शून्य दिसतो. मग कागदावर तिच्याइतकी स्वस्त शिक्षा नाही. पण तो खर्च नाहीसा झालेला नसतो, तुमच्या घरात आलेला असतो.

नोकरीचंही तसंच. वर मी उल्लेख केलेल्या फ्लोरिडाच्या अभ्यासात 22 टक्के लोकांनी सांगितलं होतं की पट्टीमुळे कामावरून काढलं किंवा सोडायला लावलं. ते वाहनगुन्हेगार नव्हते, मध्यम आणि जास्त धोक्याचे मानलेले लोक होते, तरी पत्र्याचं छत सगळ्यांना सारखंच. 'पट्टीमुळे नोकरी टिकते' हे गृहीत धरून चालणार नाही. ती टिकेल अशी व्यवस्था मुद्दाम करावी लागते.

---

उत्तरध्रुव

ती व्यवस्था कशी करतात याचं उदाहरण आहे, आणि तेही नेमकं वाहनगुन्ह्यांतलं.

स्वीडनने 1994 मध्ये सहा विभागांत प्रयोग सुरू केला. दोन महिन्यांपर्यंतची कैद झालेला माणूस अर्ज करून त्याऐवजी पट्टी मागू शकत होता. 1997 पासून तो देशभर लागू झाला आणि मर्यादा तीन महिने केली. सहभागी झालेल्यांत मोठा भरणा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा होता. डेन्मार्कने 2005 मध्ये सुरुवातच वाहनगुन्हेगारांपासून केली, तीही तीन महिन्यांपर्यंतच्या शिक्षेसाठी. पुढे इतर गुन्ह्यांना आणि लांब शिक्षांना ती लागू होत गेली.

यात मला महत्त्वाची वाटते ती क्रमवारी. आधी कैदेची शिक्षा व्हायची आणि मग ती पट्टीत बदलून मिळायची. म्हणजे ज्याला मुळात कैद होणारच नव्हती, त्याच्या पायात पट्टी येण्याची वाट बंद. दिवसही तेवढेच. 30 चे 120 होत नसत.

दुसरं, काम किंवा शिक्षण असणं ही अट होती. नसेल तर प्रोबेशनवाले, म्हणजे तुरुंगाबाहेरच्या शिक्षेवर देखरेख करणारे, काहीतरी शोधून देत. माणसाचं येण्याजाण्याचं वेळापत्रक आधी बसवायचे, मग पट्टी. अधिकारी कामाच्या ठिकाणी आणि घरी अचानक येऊन भेटत, दारू तपासायला यंत्रात फुंकर मारायला लावत. घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांची संमती घ्यावी लागे. ज्यांना परवडे त्यांच्याकडून स्वीडनमध्ये दिवसाला 50 क्रोनर घेत, आणि ते गुन्ह्याची झळ बसलेल्यांच्या निधीत जात. पट्टी पुरवणाऱ्याच्या खिशात नाही.

अंगणवेल ताईंनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट तिथे कोणीतरी आधी विचारात घेतली होती. अर्थात इतकी देखरेख करायला माणसं लागतात, त्यामुळे ती पट्टी 10 ची नव्हती, बरीच महाग होती. पण एकास एक कैदेच्या जागी होती.

---

सायली_४२

माझ्या धाकट्या भावाला दारू प्यायलेल्या चालकाने उडवलं. नऊ वर्षं झाली. भाऊ वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली नाही. मी सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, मगच लिहितेय.

पायाला पट्टी बांधली की गाडी थांबते का? नसेल, तर तुम्ही मोजताय काय? उडवणाऱ्याला तेव्हा घरकैदेची पट्टी होती, आधीच्या अशाच गुन्ह्यासाठी. कामावर जायच्या परवानगीच्या वेळेत तो गाडी चालवत होता. नकाशावर तो बरोबर रस्त्यावरच दिसत होता. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

---

रात्रपाळी

सायलीताई, यावर मी काही बोलू शकत नाही. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

---

जमाखर्च

सायलीताई, दोन दिवस उत्तर लिहून खोडत होतो.

नाही, थांबत नाही. घरातल्या यंत्राशी जोडलेली रेडिओ पट्टी फक्त सांगते की माणूस घरी आहे की नाही. जीपीएसची पट्टी सांगते तो कुठे आहे. तो चालतोय, बसमध्ये बसलाय की स्टिअरिंगवर आहे, हे पायाला कळत नाही. घामातून दारू ओळखणारी तिसरी पट्टी असते, ती साधारण दर अर्ध्या तासाने तपासते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी पट्टी 2020 आणि 2021 पासून न्यायालयं देतात, जास्तीत जास्त 120 दिवस. तिथल्या सरकारी आकड्यांनुसार ती घातलेले लोक 97 टक्क्यांहून जास्त दिवस दारूविना राहिले. ती प्यायल्याचं सांगते, चालवल्याचं नाही. गाडीला अडवणारं साधन एकच, फुंकर मारल्याशिवाय सुरू न होणारं कुलूप, इग्निशन इंटरलॉक. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याने 2005 मध्ये ते पहिल्यांदा पकडलेल्या चालकालाही सक्तीचं केलं. योगायोग असा की न्यायालयाने माणसाच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टी घालण्याची सुरुवातही 1983 मध्ये त्याच राज्यातल्या अल्बुकर्कीमध्ये, जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशांनी केली होती. मात्र कुलूप त्याच्या गाडीला बसतं. शेजाऱ्याची गाडी मागून नेली तर तेही निरुपयोगी.

म्हणून तुमचा प्रश्न माझ्या तक्त्यात सगळ्यात वर हवा होता. मी शिक्षेचा एक दिवस केवढ्याला पडतो हे मोजत होतो. मोजायला हवं होतं ते हे, की असा चालक गाडी घेऊन रस्त्यावर नसलेला एक दिवस केवढ्याला पडतो. त्या हिशेबात कैदेचे 30 दिवस पक्के 30 दिवस आहेत, पण 31 व्या दिवशी काहीच नाही. घामाची पट्टी आणि कुलूप एकत्र असेल तर 120 दिवस बऱ्यापैकी राखलेले. नुसत्या जीपीएसचे 120 दिवस मी शून्याच्या जवळ धरेन.

---

चौथी_खिडकी

मी वकिलीत आहे, म्हणून दोन मुद्दे.

एक, ऐपत. 1983 मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया खटल्यात सांगितलं की माणसाने मुद्दाम टाळलं का, हे तपासल्याशिवाय नुसता दंड भरला नाही म्हणून त्याला आत टाकता येणार नाही. पट्टीच्या भाड्यालाही तेच तत्त्व लागू व्हायला हवं. पण भाडं थकलं, यंत्र परत घेतलं आणि पट्टी नाही म्हणजे अटभंग, अशा वळणाने माणूस आत जातोच. मग सरकारला पट्टीचा खर्चही पडला आणि कैदेचाही.

दुसरा मुद्दा जमाखर्च यांच्या मूळ हिशेबातला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. पट्टी कोणाऐवजी? फ्लोरिडाच्या त्याच अभ्यासात पट्टीवरच्या 5,000 हून जास्त लोकांची तुलना 2,66,000 पट्टी नसलेल्यांशी केली होती. पट्टीमुळे अटी मोडण्याचं, पळून जाण्याचं आणि नव्या गुन्ह्यांचं प्रमाण 31 टक्क्यांनी घटलं, हे सगळे सांगतात. पण पट्टीवाल्यांपैकी साधारण एक तृतीयांशच असे होते की पट्टी नसती तर ते तुरुंगात असते, हे फार कमी जण सांगतात. बाकीचे तसेही बाहेरच असते.

तुमचेच आकडे घ्या. तिघांना पट्टी दिली, 1200 प्रत्येकी, एकूण 3600. वाचली एकाचीच कैद, 3000. बराक बंद करून पूर्ण 100 चा दर वाचवला तरीही 600 चा तोटा. वाहनगुन्ह्यांत ही भीती जास्त आहे, कारण लायसन्स रद्द असताना गाडी चालवली अशा प्रकरणांत पूर्वी दंड आणि समज यावर भागायचं. पट्टी हाताशी आहे म्हणून ती दिली जाते.

---

अंगणवेल

नवऱ्याच्या वकिलांनी नंतर सांगितलं होतं की त्याला कैद बहुतेक झालीच नसती.

---

चौथी_खिडकी

ताई, हेच मला म्हणायचं होतं. वाईट याचं वाटतं की असा माणूस खर्चाच्या अहवालात 'कैद वाचली' या रकान्यात मोजला गेलेला असतो.

आणि मोजणारा कोण, हेही बघायला हवं. जुलै 2013 मध्ये ब्रिटनच्या न्यायमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की पट्टीचे दोन खासगी ठेकेदार तुरुंगात परत गेलेल्या, देश सोडलेल्या आणि अगदी मरण पावलेल्या माणसांचीही बिलं लावत होते. ज्याला दर दिवसाला पैसे मिळतात त्याच्या मोजणीवर पट्टी स्वस्त की महाग हे ठरवायचं नसतं.

---

पहाटफुंकर

अमेरिकेतल्या साऊथ डकोटा राज्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 2005 मध्ये तिथल्या महाधिवक्त्यांनी, लॅरी लाँग यांनी '24/7' नावाने कार्यक्रम सुरू केला. दारूमुळे वारंवार पकडलेल्या चालकाने सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन फुंकायचं. एका चाचणीचा एक डॉलर, तो त्याने स्वतः द्यायचा. दारू आढळली किंवा आला नाही, तर लगेच कोठडी, पण एक-दोन रात्रींचीच. यायला जमत नसेल त्यांना घामाची पट्टी. 2013 च्या अभ्यासात जिल्ह्यांच्या पातळीवर पुन्हा दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटका 12 टक्क्यांनी आणि घरातल्या मारहाणीच्या अटका 9 टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. मारहाणीचा आकडा मला फार मोलाचा वाटतो, तो कोणाच्याच तक्त्यात नसतो.

मी स्वतः अशा दोन वेळच्या फुंकरीवर आठ महिने होतो. उद्या सकाळी सातला फुंकायचंय एवढं डोक्यात असलं की आज रात्रीचा ग्लास हातातून खाली ठेवता येतो. पुढच्या वर्षी कदाचित तीस दिवस आत जावं लागेल, या विचाराने मी कधीच ग्लास खाली ठेवला नव्हता.

रात्रपाळी साहेब म्हणतील की एका रात्रीसाठीही आवक पूर्ण करावी लागते. बरोबर आहे.

---

रात्रपाळी

करावी लागते, पण अशा एका रात्रीची आवक मी आनंदाने केली असती. माणूस उद्या कामावर जाणार हे ठाऊक असतं.

---

जमाखर्च

मंडळी, तक्ता पुन्हा मांडलाय. आता रकाने असे: कैद सलग की तुकड्यांत, आवकी किती, दिवस एकास एक की वाढवलेले, भाडं कोण भरतं, नोकरी राहिली का, पट्टी नसती तर खरंच आत गेला असता का. आणि सायलीताईंचा रकाना सगळ्यात वर: या दिवसांत त्याने गाडी चालवली का.

काल भावाच्या पट्टीचा शेवटचा दिवस होता. मी सोबत गेलो. कर्मचाऱ्याने कात्रीने पट्टा कापला, खाली घोट्याभोवती केस नसलेलं गुळगुळीत कडं उमटलं होतं. आम्हाला 120 दिवसांचा अहवाल दिला, 31 पानं. बॅटरी किती वेळा उतरली, सिग्नल किती मिनिटं नव्हता, घरी किती वाजता पोहोचला, भाडं कोणत्या तारखांना भरलं, सगळं मिनिटागणिक. वरचा रकाना भरण्यासाठी मी तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात गाडीबद्दल एकही नोंद नाही.

बाहेर आल्यावर त्यालाच विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दोनदा. दोन्ही वेळा प्यायलेलो नव्हतो, पण चालवली.

इंटरलॉक बसवायचं त्याने कबूल केलंय. पुढच्या सोमवारी मी त्याच्यासोबत जातोय. तोपर्यंत गाडीच्या दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आहेत.